गाडीला रस्ता कोणाचा वाटतो?

आडवळण (रविवार, रात्री १०:५२)

५.६ सेकंद. १८ मार्च २०१८च्या रात्री ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणी गाडीला समोर काहीतरी असल्याचं पहिल्यांदा कळलं, तेव्हापासून धडक बसेपर्यंत एवढा वेळ होता. एक बाई हातात सायकल धरून पायी रस्ता ओलांडत होती. गाडीने आधी तिला वाहन ठरवलं, मग 'इतर काही', पुन्हा वाहन, शेवटी सायकल. दर वेळी मत बदललं की आधीचा माग पुसला जायचा, त्यामुळे ती कुठून कुठे चालली आहे हा हिशोब पुन्हा पहिल्यापासून. ताशी सुमारे ६३ किलोमीटरच्या वेगाने गाडी तिला धडकली आणि ती गेली. स्वतः चालणाऱ्या गाडीने पादचारी मरण्याची ही पहिली नोंद.

अमेरिकेच्या परिवहन सुरक्षा मंडळाने याचा तपास केला. २०१९ साली आलेल्या त्या तपासातली एक बाब माझ्या डोक्यातून जात नाही. झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही शक्यताच त्या प्रणालीच्या रचनेत धरलेली नव्हती. म्हणजे गाडी आंधळी नव्हती. तिला दिसत होतं. फक्त जिथे माणसाने असू नये तिथेही माणूस असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आता ट्रॉलीकडे येतो, नाहीतर प्रतिसादांत कुणीतरी आणेलच. बेफाम सुटलेली ट्रॉली, तिच्या रुळांवर पाच माणसं, बाजूच्या रुळावर एक, ती तिकडे वळवायला खटका ओढायचा की नाही? फिलिपा फूट यांनी १९६७ साली हे कोडं मांडलं, ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी त्याला नाव दिलं आणि वाढवलं. पुढे एमआयटीच्या मंडळींनी त्याचा ऑनलाइन खेळ केला: ब्रेक निकामी झालेत, म्हातारीला वाचवाल की मुलाला? २०१८ साली 'नेचर'मध्ये निष्कर्ष आले तोवर २३३ देश-प्रदेशांतून जवळजवळ चार कोटी उत्तरं जमली होती. प्रयोग म्हणून भारी आहे. पण माझ्या मते या कोड्याने चर्चेचं नुकसान केलं. कोड्यात सगळं पक्कं ठाऊक असतं: समोर कोण आहे, वळलो तर कोण मरेल. खऱ्या गाडीला समोर माणूस आहे की सायकल हेच ठरवता येईना, तिथे वय आणि पेशा कुठून कळणार!

आणि दुसरं म्हणजे, कोडं सगळा निर्णय शेवटच्या सेकंदात नेऊन ठेवतं. खरा निर्णय त्याच्या कित्येक महिने आधी, कुठल्यातरी कामाच्या दिवशी, एका बैठकीत झालेला असतो. किती खात्री झाली की ब्रेक मारायचा? रस्त्याच्या कोणत्या भागात माणूस अपेक्षित धरायचा? कुणीतरी तिथे एक आकडा भरतं. माणूस गाडी चालवताना चुकतो तेव्हा ती एका माणसाची एका क्षणीची चूक असते. तोच आकडा हजारो गाड्यांत गेला की ते धोरण होतं. रस्त्यावरच्या प्रत्येकाला लागू होणारा, न मोडता येणारा नियम. त्याला मी कायदाच म्हणेन. हा कायदा कुठल्या सभागृहात मांडला गेला नाही, त्यावर कुणी हरकत घेतली नाही, तो प्रसिद्धही झाला नाही.

असं पहिल्यांदाच घडतंय असंही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी शहरांत रस्ता सगळ्यांचा होता. पोरं खेळायची, फेरीवाले उभे राहायचे, लोक हवं तिथून ओलांडायचे. मोटारी आल्या, माणसं मरू लागली, लोक खवळले. १९२३ साली सिनसिनाटीत ४२ हजार लोकांनी सह्या केल्या की शहरातल्या प्रत्येक मोटारीला ताशी २५ मैलांपलीकडे जाऊच न देणारं यंत्र बसवा. मोटारवाल्यांनी जोरदार प्रचार केला आणि प्रस्ताव मतदानात पडला. त्याच सुमाराला मोटारवाल्यांनी एक शब्द जोरात चालवला, 'जेवॉकर'. 'जे' म्हणजे अडाणी, गावंढळ. मधूनच रस्ता ओलांडणारा गावंढळ ठरला, पुढे गुन्हेगार ठरला. टेम्पीतल्या गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये हा शंभर वर्षांपूर्वीचा निकाल बसलेला होता, असं मला वाटतं.

तर प्रश्न असा: हे आकडे कुणी ठरवायचे, आणि त्यांना तो अधिकार कुणी दिला?

मंदगती (सोमवार, सकाळी ७:१५)

लेख चांगला आहे. एक आकडा मात्र राहिला. जगात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालातला आकडा आहे. टेम्पीच्या त्या अपघातावर हजार लेख निघाले. त्याच दिवशी जगात आणखी तीन हजारांहून जास्त लोक गेले, त्यांच्यावर कुणी धागा काढला?

सॉफ्टवेअर दारू पीत नाही, पेंगत नाही, बायकोशी भांडून तणतणत गाडी काढत नाही. 'अधिकार कुणी दिला' हे ठरवत आपण दहा वर्षं घालवली तर त्या दहा वर्षांतल्या मृत्यूंचा हिशोब कुणाच्या नावावर लिहायचा? अठरा वर्षांच्या पोराला अर्ध्या तासाच्या चाचणीवर परवाना देताना कुणी तत्त्वज्ञान काढत नाही.

टोचणी (सोमवार, सकाळी ९:०३)

पाचव्या प्रतिसादाच्या आत ट्रॉली येणार अशी पैज लावणार होतो. धागाकर्त्याने स्वतःच आणून घात केला.

मंदगती, तुमच्यासाठी एक. २०१६ साली 'सायन्स'मध्ये एक अभ्यास आला होता. लोकांना विचारलं, जास्त जीव वाचवण्यासाठी आतल्या प्रवाशाचा बळी देणारी गाडी योग्य का? बहुतेक म्हणाले, योग्य. इतरांनी अशा गाड्या घ्याव्यात का? जरूर घ्याव्यात. तुम्ही घ्याल का? छे, मला आतल्याला वाचवणारी द्या. शिवाजी जन्मावा, पण शेजाऱ्याच्या घरी.

काजवा (सोमवार, दुपारी १:४०)

टोचणी :-)

या गाठीवर जर्मनीत बराच विचार झाला आहे. तिथल्या सरकारने घटना न्यायालयाच्या माजी न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, त्याने २०१७ साली वीस नियम दिले. अपघात टळतच नसेल तर वय, लिंग, शारीरिक-मानसिक स्थिती यांवरून माणसामाणसांत फरक करायचा नाही, सक्त मनाई. म्हणजे एमआयटीच्या खेळातले अर्धे प्रश्न तिथे विचारणंच बाद. २०२१च्या त्यांच्या कायद्यातही वैयक्तिक गुणांवरून तोलायचं नाही हे आलं. एकाचा जीव दुसऱ्याच्या जिवासमोर तराजूत घालायचा नाही, असंही आयोग म्हणतो. यामागे त्यांच्या घटना न्यायालयाचा २००६चा निकाल आहे. अपहरण झालेलं प्रवासी विमान पाडायची परवानगी देणारा कायदा न्यायालयाने रद्द केला, कारण आतल्या प्रवाशांना निव्वळ वस्तू मानणं मानवी प्रतिष्ठेविरुद्ध आहे. ते नाहीतरी मरणारच आहेत, हा युक्तिवादही चालला नाही.

पण हाच आयोग पुढे म्हणतो की एकूण जखमींची संख्या कमी व्हावी अशी सर्वसाधारण रचना चालू शकेल. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही पळवाट वाटली. तोलायचंही नाही आणि संख्याही कमी करायची? नंतर पटलं. रचना ठरते तेव्हा कोण कुठे असेल हे कुणालाच माहीत नसतं. सगळ्यांचाच धोका कमी होतो, म्हणून सगळे हो म्हणू शकतात. अपघाताच्या क्षणी मात्र समोर ठराविक माणसं असतात आणि 'तू एक, ते तीन, म्हणून तू' असं त्या एकाला सांगायचा हक्क कुणाला नाही.

मंदगती (सोमवार, दुपारी २:२६)

काजवाताई, मग तुम्ही माझ्याच बाजूच्या झालात की. तत्त्वज्ञ जॉन रॉल्सचा 'अज्ञानाचा पडदा' हाच. आपण रस्त्यावर कोण असू हे माहीत नसताना नियम निवडायचा, तर कोणीही कमीत कमी मृत्यूंचाच निवडेल.

काजवा (सोमवार, दुपारी ३:१०)

अर्धीच झाले. पडद्यामागचा माणूस नुसती बेरीज करत नाही, सगळ्यात वाईट वाटा आपल्याच पदरी आला तर काय, हे बघतो असं रॉल्स म्हणतो. आणि रस्त्यावर वाटे सारखे नाहीत. तुमच्याच अहवालाप्रमाणे मृतांत निम्म्याहून जास्त पादचारी, सायकलवाले आणि दुचाकीवाले आहेत. जो कधीच गाडीत बसणार नाही त्याला सोय शून्य, धोका तेवढा वाट्याला. एकूण मृत्यू घटले पण उरलेले सगळे पायी चालणाऱ्यांचेच असले, तर पडद्यामागून तुम्ही सही कराल? जर्मन आयोगाचं एक कलम मला म्हणूनच आवडतं: ज्यांच्या प्रवासामुळे धोका निर्माण होतो त्यांनी बाहेरच्याचा बळी द्यायचा नाही.

जुनाखिळा (सोमवार, रात्री ११:३१)

नावं घेणार नाही, पण अशा प्रणालींच्या चाचणीत सहा वर्षं काढली आहेत. आकडा कसा भरला जातो ते सांगतो.

'माणूस मेला तर' असं बैठकीत कुणी बोलत नाही. विषय असतो 'उगाच ब्रेक'. उडती प्लास्टिकची पिशवी दिसली, वाफ दिसली, पुलाची सावली दिसली की गाडी करकचून थांबते. मागची गाडी येऊन आदळू शकते, आतल्याला मळमळतं. मग संवेदनशीलता कमी करायची. किती? तिथे आकडा येतो. टेम्पीच्या गाडीत तर धोका ओळखल्यावर एक सेकंद मुद्दाम काहीच करायचं नाही अशी तरतूद होती; खोटा इशारा नाही ना हे तपासायला, आणि तोवर आतला माणूस ब्रेक मारेल या भरवशावर. मूळ गाडीत व्होल्वोचा स्वतःचा आपत्कालीन ब्रेक होता. दोन प्रणालींची टक्कर नको म्हणून तोही बंद केलेला.

यात कुणी दुष्ट नव्हतं हे मला ठासून सांगायचं आहे. माझ्या बैठकांतली माणसं चांगली होती. फक्त आतल्या प्रवाशाचा अनुभव आमच्याकडे आकड्यांत यायचा. झटका किती लागला, फेरीला किती तारे मिळाले. फुटपाथवरून उतरताना जिच्या काळजात धस्स झालं तिच्याकडे तारे द्यायचं बटणच नाही. तक्ता बघून काम करणारा माणूस तक्त्यात जे आहे तेच सुधारतो.

आणखी एक, धागाकर्त्याच्या 'कायदा' शब्दावरून आठवलं. फेब्रुवारी २०२२मध्ये टेस्लाला सुमारे ५४ हजार गाड्यांचं सॉफ्टवेअर मागे घ्यावं लागलं. 'थांबा' पाटीच्या चौकात कुणी नसेल तर पूर्ण न थांबता ताशी ९ किलोमीटरपर्यंतच्या वेगाने हळूच निसटायचं, असं त्यात मुद्दाम घातलेलं होतं. माणसं तसंच करतात म्हणून.

आडवळण (मंगळवार, सकाळी ८:२०)

जुनाखिळा, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोठा आहे. धन्यवाद.

'थांबा'चं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. माणूस पाटी ओलांडून निसटतो तेव्हा तो कायदा मोडतो आणि दंडाची जोखीम स्वतः घेतो. कंपनी तेच प्रणालीत लिहिते तेव्हा कायद्यात दुरुस्तीच करते. दुरुस्ती कदाचित शहाणपणाची असेलही! रिकाम्या चौकात थांबण्यात काय अर्थ आहे? पण मग ती उघडपणे मांडा.

मंदगती, तुमच्या हिशोबाला माझी ना नाही. पण वाचलेल्या जिवांचा आकडा खरा आहे हे आपण कुणाच्या शब्दावर मानायचं? २ ऑक्टोबर २०२३ला सॅन फ्रान्सिस्कोत माणसाने चालवलेल्या गाडीने एका बाईला उडवलं, ती क्रूझ कंपनीच्या स्वतः चालणाऱ्या रिकाम्या टॅक्सीसमोर पडली. टॅक्सीने ब्रेक मारला तरी तिला धडकली, थांबली, आणि मग नियमाप्रमाणे कडेला जायला निघाली. खाली अडकलेल्या बाईला सुमारे सहा मीटर फरफटत नेलं. फरफटीबाबत कंपनीने यंत्रणांना पूर्ण माहिती दिली नाही, परवाने गेले, पुढे २०२४मध्ये खोटा अहवाल दिल्याची कबुली आणि पाच लाख डॉलर दंड. अपघाताच्या कायद्यापेक्षा माहितीचा कायदा आधी हवा.

मंदगती (मंगळवार, सकाळी ९:४४)

माहितीचा मुद्दा मान्य. विनाअट.

बाराटायर (मंगळवार, दुपारी १२:०५)

सगळे मरणावर बोलताय, पोटावर कुणी बोलत नाही. वडील आयुष्यभर ट्रक चालवत होते, मी सतरा वर्षं चालवला. आमच्याच चालवण्याच्या नोंदींवरून मशीन शिकणार आणि शिकून झालं की आम्हाला उतरवणार. शिकवणीचे पैसे कुणी दिले? तुमच्या त्या पडद्यामागे ड्रायव्हरही उभा आहे का, की तो आधीच गेला?

काजवा (मंगळवार, दुपारी १२:५०)

बाराटायरदादा, उभा असायला हवा. मला याचं चांगलं उत्तर नाही.

मात्र ड्रायव्हरवरून टेम्पीचा उरलेला भाग सांगते. गाडीत चालकाच्या जागी देखरेखीला एक बाई होती. कंपनीवर फौजदारी जबाबदारी बसत नाही असं सरकारी वकिलांनी मार्च २०१९मध्ये जाहीर केलं. खटला त्या बाईवर चालला. २०२३ साली तिने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा कबूल केला, तीन वर्षं देखरेखीखाली राहायची शिक्षा झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी. मॅडेलिन एलिश या अभ्यासिकेने अशा माणसाला गाडीच्या पुढच्या भागाची उपमा दिली आहे. धडकेत तो भाग चेपतो म्हणून आतले वाचतात. इथे माणूस चेपतो आणि यंत्रणा वाचते.

ब्रिटनच्या २०२४च्या कायद्याने हे थोडं सरळ केलंय. गाडी स्वतः चालत असताना ती कशी चालली याबद्दल आत बसलेल्यावर खटला नाही, ज्या संस्थेला परवानगी दिली ती जबाबदार.

टोचणी (मंगळवार, दुपारी १:१५)

संन्यासी? फोनवर कार्यक्रम बघत होती हो. तेवढ्याच कामाचे पैसे होते, समोर बघण्याचे. उद्या मी ड्युटीवर झोपलो तर तुम्ही मलाही एलिशबाईंची उपमा देणार का?

जुनाखिळा (मंगळवार, दुपारी २:०२)

टोचणी, तिची चूक होतीच, तपासातही तेच आहे. पण गाडीत आधी दोन माणसं असायची. २०१७च्या अखेरीस एकच ठेवला. मी त्या खुर्चीत बसलोय. तासन् तास काही घडत नाही आणि घडलं तर एका सेकंदात पकडायचं असतं. दुसरा माणूस असला की निदान बोलून जागं राहता येतं. ती दुसरी खुर्ची रिकामी करायची सही कुणाची होती, हे कोर्टात आलं नाही.

पांढरीकाठी (मंगळवार, रात्री ९:३७)

मला जन्मापासून दिसत नाही. धागा स्क्रीनरीडरवर ऐकला, म्हणून उशीर.

या गाडीची मी वाट बघते आहे, मंदगतींपेक्षा जास्त. २०१५ साली ऑस्टिनमध्ये एका अंध गृहस्थांनी स्टिअरिंगच नसलेल्या गूगलच्या गाडीत एकट्याने फेरी मारली, तेव्हा ती बातमी मी चार वेळा ऐकली. कुणाला फोन न करता, कुणाचे उपकार न घेता निघता येणं म्हणजे काय, हे तुम्हा डोळसांना कळणं कठीण आहे.

आणि रस्ता ओलांडणारीही मीच. लोक म्हणतात, ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघून कळायचं तो थांबणार की नाही, आता ते जाणार. माझ्याकडे ते कधी नव्हतंच. मी इंजिन ऐकते. विजेच्या गाड्या आल्या आणि रस्ता मुका झाला. त्यांना आवाज सक्तीचा करायला आम्हाला भांडावं लागलं, युरोपात २०१९पासून नियम लागू व्हायला लागला. तेव्हाही गाडी बनवताना कुणी वाईट हेतूने शांत बनवली नव्हती. आम्ही त्यांच्या तक्त्यात नव्हतो.

काजवाताई, तुमच्या पडद्याची मला गरज नाही. प्रवासी आणि पादचारी दोन्ही मीच आहे आणि आज कुठली पाळी आहे हे सकाळी ठरतं.

धागाकर्ते, एक दुरुस्ती. 'गाडी आंधळी नव्हती' असं लिहिलंय. असती तर बरं झालं असतं. समोर काय आहे हे कळेनासं झालं की आम्ही थांबतो. काठी दोनदा फिरवतो, ऐकतो, मग पाऊल टाकतो. त्या गाडीला पाच सेकंद कळत नव्हतं आणि ती चालत राहिली.

आडवळण (मंगळवार, रात्री १०:०४)

वाक्य तसंच ठेवतो, म्हणजे तुमचा प्रतिसाद लोकांना कळेल. चूक माझी.

मंदगती (मंगळवार, रात्री १०:२०)

ताई, पटलं, पण शंका आली की थांबायचं असं केलं तर गाडी कुठेच पोचायची नाही.

पांढरीकाठी (मंगळवार, रात्री १०:३३)

मी रोज पोचते.

जुनाखिळा (मंगळवार, रात्री ११:१८)

मंदगती, थांबायची गरजही नव्हती. आत्ता कागदावर मांडून बघितलं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा गाडी ताशी ७० किलोमीटरच्या आसपास होती, म्हणजे धडकेच्या जागेपासून साधारण शंभर मीटर दूर. कोरड्या रस्त्यावर त्या वेगातली गाडी जोरात ब्रेक मारल्यावर तीस मीटरांच्या आत थांबते. 'हे काय आहे ते कळत नाही' एवढ्यावर नुसता वेग उतरवायला सांगितलं असतं तरी पुरलं असतं. प्रत्येक फेरीला काही सेकंद जास्त लागले असते. आमच्याकडे असा प्रस्ताव एकदा आला होता. फेरीचा वेळ वाढतो म्हणून बारगळला.

पांढरीकाठी (मंगळवार, रात्री ११:२९)

पुन्हा आला की मला कळवा. त्या बैठकीला मी येईन, माझी मी.